घर पाहावे आषाढात

दिवाळी सरली की वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांत एका विशिष्ट प्रकारच्या जाहिराती वाढू लागतात. मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच असतो. टाकवे बुद्रुकच्या पुढे, अंदर मावळात, वर्दळीपासून दूर, नूतनीकरण केलेले कौलारू घर, भोवती जमीन, स्वतःची विहीर, फळझाडे, विकणे आहे. शेजारच्या छायाचित्रात पडवी दिसते, पडवीत वेताच्या दोन खुर्च्या दिसतात आणि मागे निळसर डोंगराची कड. खुर्च्या रिकाम्या असतात. त्या कोणासाठी ठेवल्या आहेत, हे तुम्हाला सांगावे लागत नाही.

तुम्ही निवृत्त होऊन काही वर्षे झाली आहेत. इमारतीला उद्वाहन नाही, किंवा आहे ते आठवड्यातून दोनदा बंद पडते. खिडकीखालून रात्री बारापर्यंत वाहने जातात. सौभाग्यवतींचे गुडघे, तुमचा दमा, मुलगी परदेशात. अशा वेळी त्या दोन खुर्च्यांकडे मन ओढ घेते, यात हसण्यासारखे काहीही नाही. शांतता, मोकळी हवा, पायाखाली माती ही उतारवयातली रास्त मागणी आहे. म्हणूनच हे घर आपण नीट पाहू. मात्र जाहिरातदार बोलावतो त्या दिवशी पाहून आपले भागणार नाही.

आधी वाट समजून घेऊ. पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली, तर तळेगाव आणि वडगाव मागे टाकल्यावर कान्हे स्थानक येते. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने आलात, तर कान्हे फाट्यावर उत्तरेला वळायचे. तिथून लोहमार्ग ओलांडायचा, मग इंद्रायणी ओलांडायची, की रस्ता टाकव्यात शिरतो. मावळाचे तीन भाग पूर्वापार सांगितले जातात: पवन मावळ, नाणे मावळ आणि अंदर मावळ. आंध्रा नदीच्या खोऱ्यातला हा अंदर मावळ, आणि टाकवे हे त्याचे दार.

गावाच्या नावातला ‘बुद्रुक’ हा फारसी ‘बुजुर्ग’चा मराठमोळा अवतार. बुजुर्ग म्हणजे वडीलधारा, थोर. दोन गावांचे नाव एक असले की मोठे ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. टाकवे खुर्दही याच मावळ तालुक्यात आहे. ही माहिती केवळ गमतीची नाही. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलावताना नुसते ‘टाकवे’ म्हणून चालत नाही. ‘टाकवे बुद्रुक, कान्हे फाट्यावरून आत’ असे म्हणावे लागते. घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या बाईंनासुद्धा, हे वाक्य पाठ हवे.

टाकवे स्वतः आता निवांत खेडे राहिलेले नाही. कारखाने आले, कामगारांच्या खोल्या आल्या, औषधांची दुकाने आली, सकाळ-संध्याकाळ मालमोटारींची रांग लागू लागली. जाहिरातीतले घर टाकव्यात नसतेच. टाकवे ही तिथली शेवटची ओळखीची खूण असते. घर असते त्याच्याही पुढे, फळणे, भोयरे, वडेश्वर, माऊ, खांडी या दिशांना, आणि तिथेही डांबरी रस्ता सोडून एखाद्या गाडीवाटेने आत. ‘टाकव्यापासून पंधरा मिनिटांवर’ असे लिहिलेले असते. ती पंधरा मिनिटे कोरड्या दिवसाची आणि चाळिशीतल्या चालकाची असतात.

खोरे सुंदर आहे, हे मान्य करायलाच हवे. दोन्ही बाजूंना सह्याद्रीच्या रांगा, मधे भाताची खाचरे, बांधांवर आंबा, जांभूळ, उंबर, उतारांवर करवंदीच्या जाळ्या. पश्चिमेला ठोकळवाडी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. टाटांच्या आंध्रा व्हॅली योजनेचे हे धरण. त्याच्या पाण्यावर घाटाखाली भिवपुरीच्या केंद्रात १९२२ सालापासून वीज तयार होते आहे. शंभर वर्षे दुसऱ्यांचे दिवे पेटवणाऱ्या या खोऱ्यात वादळाच्या रात्री स्वतःचे दिवे मात्र जातात. कार्तिकात भात कापणीला येतो, तेव्हा वाऱ्यावर इंद्रायणी तांदळाचा वास असतो. आंबेमोहोराच्या कुळातला हा वाण मावळातल्याच संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला आणि नदीचे नाव घेऊन घरोघरी गेला. अशा दिवसांत तुम्हाला घर दाखवायला नेले, तर नकार देण्याचे बळ फार थोड्यांच्या अंगी असेल.

आता घरात शिरू.

मुळात हे शेतकऱ्याचे घर. मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंती, सागवानी वासे, वर मंगलोरी कौले, पुढे ओटा आणि पडवी, आत काळोखे माजघर. नव्या मालकाने ते हौसेने सुधारलेले असते. माजघराला मोठी खिडकी पाडली, सारवलेल्या जमिनीवर गुळगुळीत फरशी बसवली, भिंतींना सिमेंटचा गिलावा करून पांढरा रंग दिला, मागे आधुनिक न्हाणीघर काढले. छायाचित्रात हे सारे उजळ दिसते. तुम्ही मात्र हात लावून पाहा. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा जाड थर चढवला की आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यात रंगाचे फुगे, पोपडे किंवा पांढरट क्षार दिसले, अथवा तेवढाच पट्टा नुकताच रंगवलेला दिसला, तर ओल आत मुरली आहे असे समजा. कपाट भिंतीपासून ओढून मागचा वास घ्या. पावसाळ्यात त्या भिंतीवर बुरशी धरते, आणि दमेकऱ्याची छाती ती बुरशी डोळ्यांना दिसण्याच्या आधी ओळखते.

मग पायांकडे पाहा. ओट्याला किती पायऱ्या आहेत, सगळ्यांची उंची सारखी आहे का, धरायला कठडा आहे का? जुना लाकडी उंबरा नूतनीकरणात ‘जुन्या घराची शोभा’ म्हणून जपलेला असतो. रात्री लघवीला उठणाऱ्या ऐंशीच्या पायाला तो अडखळवतो. न्हाणीघराचे दार चाकांची खुर्ची आत जाईल इतके रुंद आहे का? दार आतल्या बाजूला उघडत असेल, तर आत कोणी पडल्यावर ते बाहेरून ढकलता येत नाही. न्हाणीघर घराला लागून आहे, की अंगणातून चार पावले चालून जावे लागते? चकचकीत फरशीवर ओल्या पायाने स्वतः उभे राहून पाहा. खेड्यातल्या घराचे नाव निघाले की नातेवाईक साप आणि बिबट्या यांची भीती घालतात. उतारवयात माणसाला अंथरुणाला खिळवण्याचे काम ओली फरशी त्यांच्याहून कितीतरी अधिक वेळा करते. खुब्याचे हाड शहरातही मोडते, पण तिथे शेजारी दार वाजवतो.

हे सारे दुरुस्त करता येते. कठडे बसवता येतात, खरबरीत फरशी घालता येते, उंबरा काढता येतो, दार बाहेर उघडणारे करता येते. म्हणून एवढ्यावरून घर नाकारू नका. तो खर्च किमतीत धरा.

जे दुरुस्त होत नाही ते आषाढात दिसते.

पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो; तिथून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांच्याही वर जातो. टाकवे या दोहोंच्या मधल्या उतरंडीवर आहे आणि तिथून आत, घाटमाथ्याकडे सरकावे तसा पाऊस वाढत जातो. पाऊस येतो तो सरींनी नव्हे, झड लागते. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. धुतलेले कपडे सुकत नाहीत, मीठ पाझरते, औषधांच्या सुट्या गोळ्या मऊ पडतात, श्रवणयंत्राच्या घटावर गंज चढतो. पागोळ्यांचा आवाज पहिले दोन दिवस संगीतासारखा वाटतो. पाचव्या दिवशी ज्यांना उदासीचा त्रास आहे त्यांना तो कसा वाटतो, हे त्यांच्या घरच्यांना विचारा.

गाडीवाट चिखलात रुतते. ओढ्यावरचा लहान मोरीपूल पाण्याखाली जातो. एरवी त्याचे अस्तित्वही लक्षात येत नाही. अंगणावर शेवाळ चढते. घर डोंगराच्या पायथ्याला किंवा कापलेल्या उताराखाली असेल, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. मावळातल्याच भाजे गावावर १९८९ साली दरड कोसळली होती. पुणे जिल्ह्यातले माळीण ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे गेली. घरामागच्या उतारावर नव्या भेगा, तिरपी झालेली झाडे, सपाटीकरणासाठी ताजी खोदाई दिसली, तर गावातल्या जुन्या माणसाला विचारल्यावाचून पुढे जाऊ नका.

भाताच्या प्रदेशाचे काही आजार पावसाबरोबर येतात. उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि कातडीच्या लहानशा भेगेतूनही शरीरात शिरतो. ज्या मधुमेही व्यक्तीच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे, तिला ती भेग जाणवतही नाही. म्हणून अनवाणी मातीवर चालण्याचे सुख अशा व्यक्तीने कोरड्या दिवसांपुरते, आणि तेही रोज रात्री तळपाय तपासण्याच्या अटीवर घ्यावे. पावसाळ्यात मुळीच घेऊ नये. पावसात दोन-तीन दिवसांहून अधिक ताप राहिला, तर डॉक्टरांना आपण शेताजवळ राहतो हे आवर्जून सांगावे. गवतातल्या बारीक किडीच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफसही याच दिवसांतला. अंगावर कुठे काळी खपली दिसते का, ते काळजी घेणाऱ्याने पाहावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत आणि प्रतिविष या चारांवर चालते. दंश झाल्यावर चिरा देणे, घट्ट आवळपट्टी बांधणे यांत वेळ घालवू नये. अंग स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे.

आणि ‘स्वच्छ हवा’? ती बहुतेक दिवस खरोखरच मिळते. पण भाताची रोपे तयार करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरून ते जाळण्याची, म्हणजे राब भाजण्याची रीत या भागात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी तो धूर खोऱ्यात खाली बसून राहतो. शेतकऱ्याच्या पोटाची ती गोष्ट आहे. आपण त्याला नावे ठेवू नयेत. फक्त ज्यांच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही, त्यांनी घर डिसेंबरात पाहून तिथली हवा ठरवू नये.

आता रात्रीचा हिशेब मांडू. तो कोणत्याही जाहिरातीत नसतो.

टाकव्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, कान्ह्याला सरकारी रुग्णालय आहे, तळेगाव दाभाड्यात मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. नकाशावर ही सगळी जवळ दिसतात. २०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही आहे. पण तुम्हाला रुग्णालयाचे अंतर मोजायचे नाही; तुमच्या पलंगापासून उपचारापर्यंतचा वेळ मोजायचा आहे. समजा, श्रावणातली रात्र आहे, दोन वाजले आहेत, वीज गेली आहे, आणि तुमच्या शेजारी झोपलेल्या माणसाचे तोंड एका बाजूला ओढले जाऊन शब्द अडखळू लागले आहेत. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर द्यावे तितका मेंदू अधिक वाचतो. त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन झालेला असावा लागतो. झोपेतून उठल्यावर लक्षण दिसले, तर घड्याळ केव्हा सुरू झाले हेही ठाऊक नसते.

दूरध्वनीला संदेशजाल मिळते का? विजेबरोबर तेही जाते का? रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर येऊन थांबली, तर तिथपर्यंत रुग्णाला कोण आणणार? खुर्चीवर बसवून उचलायला चार हात लागतात, आणि घरात दोनच आहेत, तेही सत्तरीचे. तुमची गाडी काढायची, तर चालवणार कोण? पुष्कळ जोडप्यांत गाडी चालवणारी व्यक्ती एकच असते. तिला मोतीबिंदू झाला, रात्री समोरच्या दिव्यांनी दिपायला लागले, की ते घर एका रात्रीत दूर जाते. आणि ज्याला झटका आला तोच चालक असेल तर?

म्हणून घर पाहायला जाल त्याच दिवशी वाटेवरच्या रुग्णालयांत थांबा. रात्री डॉक्टर असतात का, सर्पदंशाचे प्रतिविष ठेवलेले असते का, सीटी स्कॅन चोवीस तास होतो का, हृदयविकाराच्या झटक्यात अँजिओप्लास्टीची सोय कुठे आहे, हे समक्ष विचारा. मग एका रात्री, खरोखर रात्री, त्या घरातून निघून तिथपर्यंत गाडीने जाऊन घड्याळ पाहा.

काळजी घेणाऱ्यांशी इथे स्वतंत्र बोलायला हवे. रुग्णाला शांत जागी ठेवावे, असा विचार तुम्ही प्रेमाने करता. परंतु शहरात तुमच्या नकळत दिवसभरात किती माणसे तुमचा भार वाहत असतात, ते एकदा मोजा: रक्ताचा नमुना न्यायला घरी येणारा मुलगा, व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताई, औषधे आणून देणारे दुकान, बाराच्या ठोक्याला बदलणारी आया, ‘तासभर बसते, तू जाऊन ये’ म्हणणारी शेजारीण. आडवाटेच्या घरात हे सगळे तुम्ही एकट्यानेच व्हायचे असते. पूर्णवेळ मदतनीस ठेवली, तरी तिलाही सुट्टी हवी असते, तिलाही सोबत हवी असते, तिचेही मूल आजारी पडते. एकांत रुग्णाला मिळतो आणि त्याची किंमत सुनेला, मुलीला किंवा वयस्क पत्नीला मोजावी लागते. हा व्यवहार उघडपणे, घरातल्या सर्वांसमोर, त्या व्यक्तीला विचारून ठरवा.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर अधिकच जपा. तिच्या आठवणी पुसट झाल्या, तरी पाय ओळखीच्या घराचा रस्ता जाणत असतात. न्हाणीघर कुठे, देवघर कुठे, दिव्याचे बटण कुठे. घर बदलले की हा आधारही जातो आणि गोंधळ वाढतो. त्यात अंगणाला कुंपण नाही, विहिरीला कठडा कमी उंचीचा, भोवती झाडी. शहरात हरवलेला माणूस कोणाला तरी दिसतो.

औषधांची एक बारीक गोष्ट. प्राणवायूचे यंत्र किंवा झोपेतल्या श्वासाचे यंत्र लागत असेल, तर साठवलेल्या विजेवर ते किती तास चालते हे तंत्रज्ञाकडून लिहून घ्या. ‘इन्व्हर्टर आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. वापरायला काढलेली बहुतेक प्रकारची इन्सुलिन ३० अंशांखालच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते, तेव्हा फ्रिज बंद पडला तरी ओल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डबीत घालून ती सांभाळता येते. न उघडलेल्या कुप्यांचा मोठा साठा मात्र तिथे ठेवू नये.

कागदपत्रांचा विषय वकिलाचा. तरी चार गोष्टी तुम्हाला आधी ठाऊक असाव्यात. जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर १९४८च्या कुळवहिवाट कायद्याच्या ६३व्या कलमानुसार परवानगीवाचून ती घेता येत नाही. ‘पुढे बिनशेती करून देऊ’ या तोंडी आश्वासनावर विसार देऊ नका. अंदर मावळात महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची वस्ती आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला जमीन महसूल संहितेचे ३६अ कलम आड येते, आणि ते यावेच. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा, पण त्याच्या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत, म्हणून आजची स्थिती वडगावच्या तहसील कार्यालयात विचारा. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा. सुधारलेले घर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आहे का, वाढवलेल्या भागाला परवानगी होती का, तेही पाहा. या सगळ्यांहून आपल्या वयाला महत्त्वाचा प्रश्न रस्त्याचा. ती गाडीवाट नकाशात आहे, की शेजाऱ्याच्या बांधावरून त्याच्या भलेपणावर चालते आहे? रुग्णवाहिका त्याच वाटेने येणार आहे.

पैशांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. शहरातले राहते घर विकून हे घर घेऊ नये. सत्तरीनंतर आजारपणाला रोकड लागते, आणि आडबाजूची जमीन हवी तेव्हा विकली जात नाही. घर मुलांच्या नावे करून देण्याचा विचार असेल, तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात असू द्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे २३वे कलम अशा अटीचा भंग झाल्यास दाद मागू देते.

मग त्या दोन खुर्च्यांचे काय? आपल्याकडे ‘हवापालट’ नावाची एक समंजस रीत होती. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर सांगत, महिना-दोन महिने लोणावळ्याला राहून या. लोक जागा भाड्याने घेत, स्टोव्ह आणि बिछाने बरोबर नेत, आणि प्रकृती सुधारली की आपल्या माणसांत परत येत. स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम १९२४ साली लोणावळ्यात उभे राहिले. आजही तिथे लोक काही दिवस राहून घरी परततात. हवापालटात ‘पालट’ महत्त्वाचा असे. तुम्हीही विकणाऱ्याला विचारा: खरेदीआधी अकरा महिन्यांच्या करारावर घर देता का? त्या अकरांत आषाढ आणि श्रावण पडतील असे पाहा. तब्येत धड असलेल्या, साठीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या जोडप्याने शहरातला पाया न सोडता आठवड्यातले तीन-चार दिवस असे काढले, तर त्यांना त्या खोऱ्यात फार चांगली वर्षे मिळू शकतात. सकाळचे कोवळे ऊन ओट्यावर घ्यावे, अळू-वांग्यांना पाणी घालावे, गावातल्या सप्ताहात जाऊन बसावे, रात्री लवकर झोपावे. पुस्तकांतून सांगितलेले पुष्कळसे आरोग्य यात आपोआप येते. आणि ज्यांना डायलिसिस, वारंवार तपासण्या किंवा सतत प्राणवायू लागतो, त्यांनी हेच सुख टाकव्याच्या अलीकडे, वडगाव-तळेगावात, तळमजल्याच्या अंगणात शोधावे. डोंगर तिथूनही दिसतो.

विकणारा का विकतो आहे, हे अवश्य विचारा. मुले परदेशी, दुसरीकडे गुंतवणूक, अशी उत्तरे येतील. उत्तर ऐकताना घराकडेही पाहा. न्हाणीघरात एकाच बाजूला बसवलेला कठडा, पडवीच्या पायरीवर नंतर घातलेला सिमेंटचा उतार, पलंगाशेजारी भिंतीत ठोकलेला सलाईनचा खिळा. छायाचित्रातल्या खुर्च्यांवर आधी कोण बसत होते आणि ते शहरात परत का गेले, हे त्यातून कळते.

दुसऱ्या फेरीला एकटे जा, म्हणजे विकणाऱ्याला न सांगता, आषाढातल्या एखाद्या साध्या बुधवारी. लोकलने कान्ह्याला उतरा, मिळेल त्या रिक्षाने किंवा बसने टाकवे गाठा, पुढे जितके वाहन जाईल तितके जाऊन उरलेले छत्रीखाली चाला. घराच्या दाराशी थांबू नका. त्याच्या सर्वांत जवळच्या, धूर निघणाऱ्या घराशी जा. लावणीचे दिवस असतील, सारी माणसे खाचरात असतील, पण घरी एखादी आजी असतेच. ओट्यावर टेका, चहा आला तर घ्या. तिला विचारा, गेल्या पावसात रात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली होती का, आणि कसे नेले. कोणाचा टेम्पो, कोण उठले, ओढ्याला पाणी किती होते. मग विचारा, आम्ही इथे राहायला आलो आणि अशी वेळ आली, तर कोणाला हाक मारायची? ती थोडा विचार करील, आत हाक मारील किंवा खाचराकडे बोट दाखवील. शेतातून चिखलाने भरलेला तिचा नातू आला आणि त्याने न मागता आपला क्रमांक सांगितला, तर तो तिथेच लिहून घ्या, मोठ्या अक्षरांत.